जपानी पैलवानांचे हे पुतळे खरंच लाकडाचे आहेत का?

शेंगदाणा

मंडळी एक शंका आहे, इथे जाणकार लोक आहेत म्हणून विचारतोय. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीन फोटो फिरतायत आणि खाली लिहिलंय की जुन्या काळी जपानमध्ये मेलेल्या पैलवानांच्या कातडीत भुसा भरून ठेवायचे, हे बघा पुरावे. पहिल्या फोटोत दोन सुमो पैलवान एकमेकांना झोंबलेत, अंगावर नुसता लंगोट, आणि मी झूम करून करून बघितलं तर खरंच माणसंच वाटतात हो, कातडी, केस, डोळ्यातली चमक, सगळं. दुसऱ्यात एक राक्षसासारखा उघडा-नागडा धिप्पाड पुतळा आहे, आणि तिसऱ्यात एक हडकुळा माणूस हातात मुखवटा धरून बसलाय. एकजण म्हणाला मेण आहे, एकजण म्हणाला एआयने बनवलेत, ॲडमिन म्हणाला वाद घालू नका. मला नीट कळायला हवंय की हे नक्की आहे काय. कातडी वगैरे खरं आहे का? आणि नसेल तर इतकं हुबेहूब केलं कशाने?

वाळवी

कातडी नाही, मेण नाही, एआय तर अजिबात नाही. पहिला फोटो ओळखीचा आहे. याला जपानीत इकी-निंग्यो म्हणतात, म्हणजे जिवंत वाटणारी बाहुली, पण बाहुली म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते डोक्यातून काढा, ही पुरुषभर उंचीची असते. तुमच्या फोटोतली जोडी यासुमोतो कामेहाची नावाच्या कारागिराने १८९० साली केलीये. मधे ती अमेरिकेत गेलेली, आता परत जपानमध्ये कुमामोतो शहराच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. कामेहाची मूळचा कुमामोतोचाच, जन्म १८२६, बुद्धमूर्ती घडवणाऱ्यांच्या घरातला. त्याच शहरात त्याच्याहून एकच वर्षाने मोठा दुसरा एक उस्ताद होऊन गेला, मात्सुमोतो किसाबुरो. या धंद्यातली ही दोन सगळ्यात मोठी नावं आणि दोघंही एकाच गावची, एकमेकांवर कुरघोडी करत वाढलेली, कारण कुमामोतोत जिझो या बौद्ध देवतेच्या उत्सवात गल्लोगल्ली देखावे मांडायची पद्धत होती आणि कोणाचा देखावा भारी याची चुरस असायची.

किसाबुरोने १८५४ ला ओसाकात खेळ लावला आणि लगेच पुढच्या वर्षी एदोत, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, असाकुसाच्या देवळामागे. तिकीट काढून बघायचा तमाशा होता हा, मिसेमोनो म्हणायचे, शेजारच्या तंबूत डोंबारी नाहीतर उंट वगैरे असायचा. अमेरिकन जहाजं नुकतीच येऊन गेलेली, लोकांच्या डोक्यात परदेश घुमत होता, तर याने लांब हातांची माणसं, लांब पायांची माणसं अशी दूरदेशीची कल्पित माणसं उभी केली आणि तीसुद्धा इतकी खरी की कुनियोशीसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने त्या खेळावर छापचित्रं काढली. लोक बाहेर येऊन भांडायचे म्हणे, की आतली बाहुली श्वास घेत होती की नाही.

शेंगदाणा

बाप रे, १८९०! मला वाटलं फार तर सत्तरऐंशीच्या दशकातलं असेल. पण मग केलं कशाचं? लाकूड इतकं मऊ दिसूच कसं शकतं, पोटावरच्या वळ्या बघा ना. आणि उघडे पैलवानच का? बाकी बाहुल्या कपड्यातल्या दिसतात.

सुताराचा_नातू

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच सगळी गंमत आहे राव. खेळातल्या नेहमीच्या बाहुल्यांचं कसं, तोंड, मान, हात, पावलं तेवढी घासून-पुसून करायची आणि मधलं सगळं म्हणजे बांबूची किंवा लाकडाची चौकट, वरून कागद, आणि त्यावर किमोनो चढवला की झालं. दोन महिन्यांनी खेळ बदलला की तेच डोकं दुसऱ्या कपड्यात. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, जे दिसत नाही त्यावर कोण मेहनत घेणार. सुमो पैलवानात ही सोयच नाही! मवाशी नावाचा कमरेचा पट्टा सोडला तर झाकायला काहीच नाही. छाती, पाठ, ढुंगण, मांड्या, पोटऱ्या, काखेतली कातडी, सगळं दिसणार, आणि चहूबाजूंनी दिसणार. त्यातून दोघं एकमेकांना भिडलेले, म्हणजे एकाचं वजन दुसऱ्यावर, आणि जिथे दाबलं गेलंय तिथे मांस दाबल्यासारखं दिसायला पाहिजे. म्हणून मला वाटतं पैलवानाची जोडी करणं म्हणजे कारागिराने छाती ठोकून सांगणं की या, कुठून पण बघा.

आता कशाचं केलं ते. कोरीव लाकूड हा पाया, या लोकांचं आवडतं लाकूड म्हणजे किरी, वजनाला हलकं, फारसं वाकत-तडकत नाही. त्यावर गोफून. सगळी जादू या गोफूनची आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका. शिंपल्या, ऑयस्टरच्या, बाहेर ऊनपावसात वर्षानुवर्षं पडू देतात, कडकपणा गेला की दळून पांढरीशुभ्र वस्त्रगाळ पूड करतात. ती निकावात मळतात, निकावा म्हणजे जनावराचं चामडं उकळून काढलेला सरस. हे मळणं फार जिकिरीचं. सरस जास्त झाला तर सुकताना आकसून भेगा पडतात, कमी झाला तर बोट लावलं की पांढरी पूड हाताला येते, आणि हवा दमट असली तर सुकतच नाही उलट सरसाला वास मारायला लागतो. पहिले थर जाड, त्यातच नाक, ओठ, पापण्या उचलून घ्यायच्या, वाळले की चाकूने कोरायचं, मग घासायचं, मग पातळ थर, परत घासायचं, असे थरावर थर. शेवटचे हात इतके पातळ असतात की एका हाताने काही फरक पडलाय असं वाटत नाही. शेवटी ओल्या फडक्याने पुसून गुळगुळीत करतात.

आता याचा कातडीशी संबंध काय, तर तेलरंग नाहीतर व्हार्निश लावलं की उजेड वरूनच परत फिरतो, चकाकी येते, प्लॅस्टिक वाटतं. गोफूनवर उजेड पडला की थोडा आत जाऊन पसरून मग परत येतो. माणसाच्या कातडीत पण तेच होतं. त्यावर कातडीचा रंग दिला की अंगात रक्त आहे असं वाटतं. मेणात पण असंच होतं म्हणून तुमच्या मित्राला मेण वाटलं, त्याचं फार चुकलं नाही.

डोळे काचेचे, आतून बसवलेले. केस माणसाचे खरे, रोवलेले. भुवया पण. बाकी कातडीबितडी कोणाची नाही. एक केस सोडला तर मेलेल्या-जित्या कुठल्याच माणसाचं त्यात काही नाही, त्या बिचाऱ्या शिंपल्यांचं आहे.

पट_काढला

वर सुताराच्या नातवाने लिहिलंय ते वाचून मी फोटो परत नीट बघितला. मी तालमीत वाढलेला माणूस आहे, तेव्हा कुस्तीचं शिल्प दिसलं की आधी पाय बघतो. बहुतेक शिल्पांत कलाकार छाती-दंड झकास करतो आणि पाय असे ठेवतो की खऱ्या आखाड्यात तो गडी एका धक्क्यात चितपट होईल. इथे तसं नाही, जोर जमिनीतून वर आलेला कळतो. आणि हे दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारे बॉडीबिल्डर पण नाहीत, जोर करणाऱ्या माणसाचं अंग कसं बेढब आवळतं, तोंड कसं वेडंवाकडं होतं ते आहे. देखणं दिसायची फिकीर नाही. मला तर आवडलं बुवा.

पण हे दोघं कोण आहेत ते कोणी सांगितलंच नाही अजून. हे १८९० सालचे पैलवान नाहीत, पुराणातले आहेत. नोमी नो सुकुने आणि ताइमा नो केहाया. निहोन शोकी म्हणून जपानचा जुना इतिहासग्रंथ आहे, ७२० सालचा, त्यात यांची गोष्ट येते. सम्राट सुइनिनच्या दरबारात खबर येते की ताइमा गावात केहाया नावाचा एक गडी माजलाय, जनावरांची शिंगं मोडतो, लोखंडी आकडे हाताने सरळ करतो आणि म्हणतो माझ्या तोडीचा कोणी असेल तर आणा, मरेपर्यंत लढू. सम्राट विचारतो आहे का कोणी? मग इझुमोहून सुकुनेला बोलावून घेतात. कुस्ती कसली, लाथाळी होती ती. दोघांनी पाय उचलले, सुकुनेने केहायाच्या बरगड्या मोडल्या आणि कंबर तुडवून मोडली, केहाया जागीच गेला. त्याची जमीन सुकुनेला इनाम. सुमोवाले या लढतीला आपली पहिली कुस्ती मानतात आणि सुकुनेला आद्यपुरुष. टोकियोत र्‍योगोकूजवळ त्याचं छोटंसं देऊळ आहे, आवारात योकोझुनांची, म्हणजे सुमोतल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या पैलवानांची, नावं कोरलेले दगड आहेत, नवा योकोझुना झाला की तिथे जाऊन पाय आपटून विधी करतो. आणि हरलेल्या केहायाचीसुद्धा आठवण ठेवलीये लोकांनी, नारा प्रांतात कात्सुरागीला त्याच्या नावाचा चबुतरा आहे आणि शेजारी सुमोचं संग्रहालय. मेलेल्या गड्याच्या गावाने त्याला टाकलं नाही हे मला फार भारी वाटतं.

वाळवी

@पट_काढला वा! पण गोष्टीचा उत्तरार्ध राहिला की हो, आणि तो या धाग्याला जास्त लागू आहे. त्याच ग्रंथात पुढे येतं की राणी वारते. तेव्हा म्हणे राजघराण्यात कोणी मेलं की सेवकांना जिवंत पुरायचे. सम्राटाला ते सहन होत नसतं. तेव्हा हाच सुकुने इझुमोहून शंभर कुंभार बोलावतो, मातीची माणसं-घोडे करून घेतो आणि म्हणतो यापुढे माणसांच्या जागी हे ठेवा. हानिवा नावाच्या त्या मातीच्या आकृत्या, जपानमधल्या जुन्या थडग्यांवर सापडतात त्या. पुरातत्त्ववाले हे मानत नाहीत, त्यांच्या मते आधी नुसत्या मातीच्या नळकांड्या होत्या आणि माणसं-घोडे खूप नंतर आले, त्यामुळे इतिहास म्हणून गोष्ट टिकत नाही. पण परंपरेत सुकुने हा पैलवानांचा जसा मूळपुरुष तसाच कुंभारांचा पण. माणसाच्या बदली बाहुली उभी करणारा पहिला माणूस. आणि आयुष्यभर बाहुल्या करणारा कामेहाची चौसष्टाव्या वर्षी त्यालाच घडवतो. त्याने मुद्दाम केलं असेल का ते कोण सांगणार, पण त्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

काळ पण बघा. १८७१ ला सरकारने केस कापायचं फर्मान काढलं, पाश्चात्त्यांसारखं दिसायचं म्हणून, आणि सुमोवाल्यांना शेंडी ठेवायची सूट मिळाली खरी पण उघड्या अंगाने लढणं हे रानटीपणाचं आहे, बंद करा अशी ओरड सुरूच होती. मग १८८४ ला खुद्द सम्राट मेइजीने कुस्त्या बघितल्या आणि वारं फिरलं. त्यानंतर सहा वर्षांनी ही जोडी झालीये. म्हणजे सुमोला परत मान मिळाल्याचे दिवस ते. कुमामोतोचा आणि सुमोचा संबंध पण जुना, योकोझुनाचा परवाना द्यायचा मान ज्या योशिदा घराण्याकडे होता ते कुमामोतोचंच, १७८९ ला तानिकाझे आणि ओनोगावाला पहिले परवाने त्यांनीच दिले.

दुपारची_झोप

सगळं मान्य, मेहनत मान्य. पण मला एक कळत नाही, हुबेहूब करणं म्हणजे कला का? मग त्या मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियममध्ये आणि यात काय फरक? फोटो काढला की काम भागतं. मला तर असले पुतळे बघून किळस येते, रात्री समोर आला तर फाटेल.

सुताराचा_नातू

झोप काका तुमची फाटावी हाच तर हेतू होता त्यांचा 😄 लोक त्याचेच पैसे द्यायचे.

वाळवी

@दुपारची_झोप तुमचा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नये, कारण जपानमध्ये त्या काळी नेमकं हेच झालं. सरकार पाश्चात्त्यांच्या पंक्तीत बसायला निघालेलं, १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ललित कला अशी वेगळी चूल जपानीत पहिल्यांदा मांडली गेली, १८८९ ला टोकियोत कलाशाळा सुरू झाली, आणि कलेच्या ओसरीवर कोणी बसायचं ते ठरायला लागलं. जत्रेतल्या बाहुलीवाल्याला तिथे जागा नव्हती. रंग लावलेलं, केस लावलेलं, तिकीट लावून दाखवलेलं, म्हणजे शिल्प नाही, असा सरळ हिशोब. गंमत अशी की त्याच शाळेत शिकवणारा ताकामुरा कोउन, लाकडी शिल्पातला मोठा माणूस, तो स्वतः किसाबुरोच्या कामावर फिदा होता. आणि परदेशी लोकांना तर हेच हवं होतं. किसाबुरोची माणसं १८७८ मध्ये केलेली अमेरिकेत स्मिथसोनियनकडे आहेत, पण तिथे ती कला म्हणून नाही, मानववंशशास्त्राचे नमुने म्हणून गेली, जपानी माणूस कसा दिसतो ते दाखवायला. इकडे जत्रेतला माल, तिकडे नमुना. बाहुली मात्र तीच.

माझं मत विचाराल तर हुबेहूबपणा ही त्यातली पहिली पायरी आहे. मेणाचा पुतळा ओळखीच्या माणसाची नक्कल करतो, आपण बघतो, हो तसाच दिसतोय, पुढे चला. सुकुने कसा दिसायचा हे कोणालाच माहीत नाही. नक्कल करायला समोर काही नाही, तरी असा माणूस उभा करायचा की बघणाऱ्याने म्हणावं हाच तो. फोटो काढून भागतं म्हणता, फोटो कोणाचा काढणार?

दुपारची_झोप

बरं हा मुद्दा पटला थोडा. किळस तशीच आहे पण.

पट_काढला

मग असे शेकडो केले असतील तर आहेत कुठे सगळे? एवढंच एक दोन का दिसतात?

वाळवी

टिकायला केलेलेच नव्हते ना. खेळ संपला की मोडायचे, डोकी दुसरीकडे वापरायचे. शिवाय लाकूड, कागद, सरस, म्हणजे आग, पाणी, उंदीर सगळ्यांचं खाद्य. १९२३ च्या भूकंपात आणि नंतर युद्धातल्या बॉम्बफेकीत टोकियो बेचिराख झालं त्यात काय काय गेलं त्याचा हिशोबच नाही. जे वाचलं ते देवळात होतं म्हणून किंवा परदेशात गेलं म्हणून. किसाबुरोने १८७१ पासून पुढची चार वर्षं असाकुसात तेहतीस कान्नोनच्या (करुणेची बौद्ध देवता) चमत्कारांचे देखावे लावलेले, तुफान चालले, त्यातली तानिगुमी कान्नोन आज कुमामोतोतल्या जोकोकुजी देवळात आहे. ती जरूर शोधून बघा, पैलवानांच्या अगदी उलट, शांत बाई, पण डोळ्याला डोळा भिडवून फार वेळ उभं राहवत नाही.

धंदा पुढे दुसऱ्या वाटांनी गेला. सिनेमा आल्यावर जत्रेतले खेळ पडले, मग या घराण्यातले लोक डिपार्टमेंट स्टोअरमधल्या बाहुल्या करायला लागले, म्हणजे कपडे घालून काचेत उभ्या असतात त्या. आणि शेवंतीच्या बाहुल्या! अंग सगळं जिवंत शेवंतीच्या फुलांचं आणि डोकं-हात इकी-निंग्योवाल्यांचे. १९०९ ला टोकियोत सुमोसाठी कोकुगिकान बांधलं तर कुस्त्या नसतील तेव्हा तिथेच शेवंतीच्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरायला लागलं, पैलवान आणि बाहुल्या एकाच छपराखाली. ते शेवंतीचं प्रकरण अजून चालू आहे, फुकुशिमात निहोनमात्सुला दर शरद ऋतूत किल्ल्यात भरतं.

शेंगदाणा

धन्यवाद मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. राहिलेले दोन फोटो? तो राक्षस आणि तो हडकुळा. ते पण यांचेच का?

सुताराचा_नातू

राक्षस नाही हो, द्वारपाल आहे! नाराच्या तोदाइजी देवळाच्या दक्षिण दरवाजातला निओ, समोरासमोर दोन आहेत. इकी-निंग्योच्या साडेसहाशे वर्षं आधीचे, १२०३ सालचे, उंकेइ, काइकेइ हे मूर्तिकार आणि त्यांच्या माणसांनी केलेले, उंची साडेआठ मीटरच्या आसपास आणि काम उरकलं किती दिवसांत तर एकोणसत्तर! एका ओंडक्याचे नाहीत, लाकडाचे हजारो तुकडे जोडून केलेत, म्हणून तर एवढी माणसं एकाच वेळी कामाला लावता आली. तुमच्या पैलवानांचे हे आजोबा म्हणायला हरकत नाही, छातीच्या शिरा आणि आवळलेले स्नायू बघा. आणि डोळे आतून बसवायची जी युक्ती वर लिहिली ती पण बुद्धमूर्तीवाल्यांकडूनच आलेली, फक्त ते काचेऐवजी स्फटिकाचा पातळ पापुद्रा कोरून आतल्या बाजूने बुबुळ रंगवायचे. साल नोंदलेली सगळ्यात जुनी तशी मूर्ती ११५१ ची आहे, नारा प्रांतातल्याच चोगाकुजी देवळात. कामेहाची मूर्तीकारांच्या घरातला होता म्हणजे हे त्याच्या हातात लहानपणापासून असणार.

वाळवी

आणि हडकुळा म्हणजे हानानुमा मासाकिची, त्याने स्वतःचाच पुतळा केलाय, हातातल्या मुखवट्याकडे बघतोय असा. १८८५ च्या सुमाराचं काम. हाही इकी-निंग्योच. लाकडाच्या बारीक बारीक पट्ट्या जोडून केलाय आणि सांधा शोधून सापडत नाही. पुढे अमेरिकेत रिप्लेने विकत घेतला, ते अचाट गोष्टी जमवणारे रिप्ले, आणि तुमच्या ग्रुपवरच्या कातडीच्या भाकडकथेचं मूळ बहुतेक इथेच आहे. कारण या पुतळ्याबरोबर एक कहाणी सांगतात की हानानुमाला क्षय झाला, आता मरणार म्हणून त्याने प्रेयसीसाठी स्वतःची प्रतिकृती केली आणि अंगावरचे केस, नखं, दात उपटून त्याला लावले. तिकीट खपवायला झकास कहाणी आहे. फक्त तो त्यानंतर पुढे बरीच वर्षं जगला.

शेंगदाणा

हे ग्रुपवर टाकलं. ॲडमिनने परत सांगितलं वाद घालू नका.